भेटीची वेळ चार ते पाच

शहराच्या बससेवेचं जुनं आगार पाडण्याआधी तिथे वेळापत्रकांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी संग्रहालयात मांडणी करते. जुन्या वस्तू पुसायच्या, टांगायच्या, खाली चार ओळी लिहायच्या. वेळापत्रकाला कसला आलाय इतिहास, असं मला वाटलं होतं. पण होता. सुरुवातीला घोडे जुंपलेल्या गाड्या भरल्या की सुटायच्या; वेळ अशी नव्हतीच. मग कुणीतरी थांब्यावरच्या फळीवर खडूनं वेळा लिहायला लागलं. पुढे निळ्या पत्र्यावरचे पांढरे आकडे आले, मग खिशात मावणाऱ्या पुस्तिका आल्या, आणि लोक रस्त्याकडे बघायचं सोडून मनगटाकडे बघायला लागले.

त्यातल्या बऱ्याच पुस्तिका माझ्या वडिलांनी केलेल्या. अप्पा वेळापत्रक विभागाचे प्रमुख होते. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'काटा' म्हणायचे. घड्याळातला की पायातला, ते म्हणणाऱ्यावर होतं. घरीही तोच कारभार. जेवायला उशीर झाला की ताट उचललेलं असायचं. एकदा आई माहेराहून उशिरा परतली, तर त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि सांगितलं, "आता उद्याच्या गाडीनं या." आई सकाळपर्यंत जिन्यात बसून राहिली. आम्ही दोघं भावंडं दाराच्या अलीकडे. पुढे अप्पा हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायचे. आईसुद्धा हसायची.

आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. पायांतली ताकद गेली होती. जिभेची शाबूत होती.

उद्घाटनाला मी त्यांना चाकांच्या खुर्चीतून नेलं. बससेवेच्या साहेबांनी त्यांना हार घातला, दोन शब्द बोलायला लावले. अप्पा खुलले. आपण कुठली गाडी कुठे जोडली, कुठे किती मिनिटं वाचवली, सगळं तोंडपाठ. लोक पांगायला लागले तेव्हा एक म्हातारी बाई काठी टेकत आमच्यापाशी आली. नीटनेटकी, चष्म्याला दोरी लावलेली.

"टेकडीवरच्या दवाखान्याची दुपारची गाडी तुम्हीच पुढे ढकललीत का हो?"

तो क्षयाचा दवाखाना कधीच बंद झाला होता. अप्पांना मात्र आठवलं. "मीच. त्या एका फेरीपायी एक ड्रायव्हर अडकून पडायचा. उशिराच्या फेरीत बसवली, प्रश्न मिटला."

"भेटीची वेळ चार ते पाच होती."

"असेल. लोक आले होते अर्ज घेऊन. मी म्हटलं, दवाखान्याला वेळ बदलायला सांगा."

"माझी आई होती तिथे," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आम्ही पोचायचो तेव्हा फाटकाला कुलूप असायचं. ती वरच्या खिडकीत बसलेली दिसायची. तिला वाटायचं, आम्ही आताच आलोय, आता जिना चढून वर येऊ. तिला कुणी सांगितलंच नाही."

अप्पांनी मान हलवली. "पण गाडी वेळेवर पोचायची ना?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई हसली.

"हो. अगदी वेळेवर." मग तिनं विचारलं, "तुम्हाला भेटायला कोण येतं?"

"भेटायला कशाला? लेक घरातच असते."

तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग तिचा जावई आला आणि तिला हात धरून गाडीकडे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांना चहा नेला तर ते ओरडले, "हा काय चहा आहे?" कपावर साय धरली होती. मी भांड्यातून ओतून सरळ आले होते. स्वयंपाकघरातून त्यांच्या खोलीपर्यंत एक छोटी बोळ आहे. मूलसुद्धा धावत जाऊन हात लावून येईल एवढीच. मी चहा परत गरम केला आणि विसरून गेले.

मग डॉक्टर आले. मी दार उघडलं, ते बोळीतून आत गेले, आणि अप्पांनी त्यांना फैलावर घेतलं: सकाळपासून ताटकळत ठेवलंय म्हणून. डॉक्टर हसले. "वयाचा परिणाम," ते मला बाहेर म्हणाले. मलाही ते पटलं. वयामुळे चहावर साय कशी धरते, हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

पण मग मी त्यांच्यासाठी बर्फाचे तुकडे वाटीत घालून नेले आणि दारात पोचेपर्यंत वाटीत कोमट पाणी होतं. माझं घड्याळ म्हणत होतं, मी आत्ताच निघाले.

दिवसा त्यांच्याजवळ बसायला एक बाई ठेवली. ती आठवडाभरसुद्धा टिकली नाही. चप्पल पायात सरकवत म्हणाली, "ताई, मी नुसती टॉवेल आणायला गेले होते. आले तर आजोबा रडत होते. म्हणाले, काल गेलीस ती आज आलीस. गादी भिजली होती, तीही वाळून कडक झाली होती. मला नाही जमायचं."

मी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो इंजिनियर आहे, भुताखेतांची टर उडवणारा. त्यानं मला अप्पांच्या पलंगावर बसवलं आणि म्हणाला, "मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं बोलत येतो. तू ऐक."

मी अप्पांच्या शेजारी बसले. भाऊ दारातून गेला आणि बोलतच लगेच परत आला. काहीच झालं नाही. तो माझ्याकडे बघून हसला.

"आता तू ऊठ," अप्पा म्हणाले. "मी एकटा असलो की होतं."

आम्ही दोघं बाहेर गेलो, लगेच आत आलो. अप्पांचे ओठ सुकून फाटले होते. भावानं मागे वळून बोळीत डोकावून पाहिलं.

"काय होतं, अप्पा?" त्यानं विचारलं.

"पावलं ऐकू येतात," ते म्हणाले. "तुमचीच. बोळीतून येतात. येतच राहतात."

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. रोज फोन करीन म्हणाला.

मी रजा घेतली आणि अप्पांजवळ बसून राहिले. मी असले की सगळं ठीक. ते माझं मनगट धरून ठेवत, झोपेतही. पण माणसाला पाणी लागतं, अंघोळ लागते. प्रत्येक वेळी उठताना ते विचारत, "लगेच येशील ना?" आणि मी म्हणत असे, "ही गेले नि ही आले." सुरुवातीला मी धावत असे. धावल्यानं फरक पडत नाही, हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

मग मी चालायला लागले.

रजा संपली. त्या दिवशी दुपारी मी त्यांची दाढी केली. नखं कापली, कपडे बदलले. त्यांनी तान्ह्या मुलासारखं सगळं करू दिलं. मग म्हणाले, "पाणी दे गं."

मी स्वयंपाकघरात गेले. ग्लास भरला. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"कसे आहेत?"

"पाणी मागतायत."

"मग जा ना, ताई."

"जाते की," मी म्हटलं. आणि त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल विचारलं. त्यानं सांगितलं. मी स्टुलावर बसले. खिडकीतून ऊन येत होतं. आतून हाक आली, एकदाच. खूप लांबून आल्यासारखी.

भावालाही ऐकू आली असावी. तो बोलायचा थांबला. मग परत बोलायला लागला.

फोन ठेवून मी ग्लास उचलला. काठोकाठ भरलेला होता. बोळीतून सांभाळून चालले, सांडू नये म्हणून.

खोलीत कोंदट वास होता. अप्पा उशीला टेकून बसले होते. दाढी छातीपर्यंत आली होती. नखं वळून तळहातात रुतली होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाय जवळ घेऊन पलंगावर जागा केली. परक्या माणसासाठी करतात तशी.

"बसा," ते म्हणाले. "माझी लेक येईलच एवढ्यात. पाणी आणायला गेलीय."

मी ग्लास पुढे केला. तो कोरडा होता. तळाशी पाण्याचा पांढरा डाग उरला होता.