टर्बोचं एक मिनिट

चढावर गाडीने मान टाकली तेव्हा समोर त्याचं गॅरेज होतं, एवढाच काय तो योगायोग. मागे निळा धूर, बॉनेटखालून बारीक शीळ. मी तणतणत उतरले, तर तो दारात हात पुसत उभा.

"मी नाही हं शीळ घातली," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या टर्बोने घातली."

त्याने डिपस्टिक काढली. काठीवरचं तेल दोन बोटांत चोळलं… आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे ऑइल कुणी सांगितलं?"

"माझ्या बाबांनी."

मी डिकीतला डबा दाखवला. जाडंभरडं तेल, निम्मं उरलेलं. 'तेल जाड तर इंजिन धडधाकट,' हे बाबांचं ब्रह्मवाक्य. आधीची गाडी त्यांनी याच तेलावर बावीस वर्षं पळवली. ही टर्बोवाली रिटायर झाल्यावर हौसेनं घेतली आणि आठ महिन्यांत ते गेले. त्यांच्यामागे पातळी उतरली की मी त्याच डब्यातलं ओतत होते. डब्यावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा होता.

"हे या गाडीला चालणार नाही."

"बाबा चाळीस वर्षं गाडी चालवत होते!"

"तरी चालणार नाही."

इतका राग आला त्याचा! पण त्याने वाद घातला नाही. समोरच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. त्याचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

"माझं ऐकू नका, हे वाचा. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. गाडी सुरू होताक्षणी तेल तिथे पोचायला हवं, म्हणून ते पातळ लागतं. आणि उष्णतेत जळू नये म्हणून पूर्ण सिंथेटिक. जाड तेल पोचेपर्यंत टर्बो कोरडाच फिरतो."

मग त्याने टर्बोकडे जाणारी बारीकशी नळी सोडवून दाखवली. आत जळक्या तेलाची काळी खपली.

"वाचेल?" मी विचारलं.

"आणखी पंधरा दिवस गेले असते तर नसता वाचला."

"ही गाडी गेली ना… तर बाबा दुसऱ्यांदा जातील." एका अनोळखी माणसासमोर हे मी बोलून गेले. घरी आईजवळसुद्धा बोलले नव्हते.

त्याने तेलाचा डबा हातात घेतला.

"त्यांचं तेल वाईट नाही," मग हळूच म्हणाला. "जुन्या गाडीला ते बरोबरच होतं. जी माया तिला लावली, तीच हिला लावायला गेले. माझ्या म्हाताऱ्या जीपला हेच लागतं… हा डबा तिला चालेल?"

मी मानेनेच हो म्हटलं.

नळी साफ करून, नवं तेल भरून गाडी परत देताना त्याने बजावलं, "दर शनिवारी पातळी दाखवायला यायचं. आणि पोचल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही. पाच मिनिटं चालू ठेवायचं. टर्बो तापलेला असतो, तेल फिरत राहिलं की निवतो."

मग दर शनिवारी पाच मिनिटं तो माझ्या खिडकीशी उभा. मी बाबांबद्दल बोलायचे. तो त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल, जीपच्या नखऱ्यांबद्दल. एकदा दारावर त्याच्या हाताला माझा हात लागला. दोघांनीही काढला नाही… आणि दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

सहाव्या शनिवारी मी एका मिनिटात किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"अहो, अजून चार मिनिटं—"

"पुस्तकात एकच मिनिट लिहिलंय. तेही लांबून, वेगात आल्यावर. मी तीन किलोमीटरवरून येते."

त्याचे कान लालबुंद झाले.

"तेलाबद्दल खोटं बोललो नाही," तो म्हणाला.

"आणि मिनिटांबद्दल?"

"एक टर्बोचं होतं. चार… माझी."

मी काही बोलायच्या आत त्याने डिपस्टिक काढली आणि उजेडात धरली. "तेल स्वच्छ आहे. धूर नाही. आता दहा हजार किलोमीटर तुम्हाला यायची गरज नाही." त्याने ते खाली मान घालून सांगितलं. खोटं बोलला असता तर मी सुखाने फसले असते. पण गाडीच्या बाबतीत त्याला ते जमत नव्हतं.

मी पुन्हा इंजिन सुरू केलं.

"निघालात?"

मी हात लांबवून पलीकडचं दार उघडलं. बाबा गाडी चालवायचे तेव्हा ती माझी जागा होती. ते गेल्यापासून तिथे कुणाला बसू दिलं नव्हतं.

"बस," मी म्हटलं.

त्याने हात दोनदा पुसले. मग आत बसून दार अलगद ओढून घेतलं. माझे डोळे भरून आले होते, ते त्याने पाहिलं.

"कुठे जायचंय?"

"लांब," मी म्हटलं. "पोचल्यावर खरंच एक मिनिट थांबावं लागेल, इतकं लांब."