शंभर लिटरांचं मिठागर

जुईलीचं समुद्रफूल आकसत चाललं होतं, आणि चूक काही केल्या सापडत नव्हती.

समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे बरं का! तो खडकाला चिकटून राहणारा प्राणी आहे. सागर केंद्राने उरणच्या चाळीस मुलांना एकेक समुद्रफूल घरच्या काचेच्या टाकीत वाढवायला दिलं होतं. चैत्रात ती समुद्रातल्या उजाड खडकांवर सोडायची होती. आता आठ दिवसांनी केंद्राच्या शलाकाताई तपासायला येणार होत्या, आणि फूल मलूल दिसलं तर ते परत नेणार होत्या. या काळजीने जुईलीला जेवण गोड लागेना.

टाकीची देखभाल मोजू हा घरचा यंत्रमानव करायचा. शंभर लिटरांच्या टाकीतलं पाणी रोज लिटरभर कमी होई आणि मोजू कॅनमधलं पाणी ओतून ती खुणेपर्यंत भरी. समुद्रातल्या प्राण्याला समुद्राचंच पाणी हवं, हा जुईलीचा हट्ट. त्यासाठी ती बाबांच्या होडीतून खोल समुद्रात जाऊन कॅन भरून आणायची. मोजू त्याची क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) तपासायचा. लिटरला पस्तीस ग्रॅम, अगदी हवी तेवढी! उजेड ठीक, ऊबही ठीक. तरी वीस दिवसांत फुलाचे स्पर्शक (बोटांसारखे मऊ अवयव) आखडले होते.

जुईलीचे हिराजीआजोबा जन्मभर मिठागरात राबलेले. त्यांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. (तुम्ही असलं काही करू नका.) मग त्यांनी मोजूला विचारलं, की टाकीतलं मीठ कधी मोजलंस का? मोजू म्हणाला, त्याला फक्त कॅनमधलं मोजायला सांगितलं होतं. मग त्याने टाकीतलं मोजलं. बेचाळीस!

"पोरी, पानी उडून जातं, मीठ नाय उडत," आजोबा म्हणाले. "मिठागरान आमी ह्याच करायचो. तू घरान मिठागर मांडलंस."

जुईलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाष्पीभवनात (पाण्याची वाफ होण्यात) नुसतं पाणी जातं. त्यात रोज लिटरभर समुद्राचं पाणी, म्हणजे आणखी पस्तीस ग्रॅम मीठ. वीस दिवसांत सातशे ग्रॅम! काकडीला मीठ लावलं की तिला पाणी सुटतं, तसं बिचाऱ्या फुलाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जात होतं. मायेपोटी आपणच त्याला त्रास दिला, हे कळून तिला फार वाईट वाटलं.

ती गोड्या पाण्याची बादली घेऊन धावली, पण आजोबांनी तिचा हात धरला. एकदम बदल झाला तर फूल मरेल, म्हणाले. मग रोज अडीच लिटर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच शुद्ध गोडं पाणी मोजूने थेंबथेंब सोडायचं, असं ठरलं. उडालेलं पाणीही आता गोड्या पाण्यानेच भरायचं. क्षारता रोज एका ग्रॅमने उतरत गेली. सातव्या दिवशी ती पस्तीसवर आली आणि फुलाने सगळे स्पर्शक ऐसपैस पसरले. जुईली त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवली.

शलाकाताई आल्या तेव्हा तिने आपली चूक स्वतःच सांगितली. शलाकाताईंनी लगेच वही काढून ते लिहून घेतलं. आणखी नऊ मुलांची फुलं अशीच आखडली होती आणि केंद्रातली माणसं उजेडातच दोष शोधत बसली होती. आता ती सगळी वाचतील, असं त्या म्हणाल्या. मग त्या आजोबांकडे वळल्या.

"आजोबा, उद्या केंद्रात येऊन सगळ्या मुलांना मीठ शिकवाल?"

मिठागर बंद होऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून मिठाविषयी आजोबांना कोणी काही विचारलं नव्हतं. ते उठून आत गेले आणि इस्त्रीचा सदरा शोधू लागले.