चौथ्या विहिरीची बाटली

गुरुवारी सकाळी मधूजी टेबलावर चार बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. कचरा डेपोभोवती चार विहिरी. महिन्यातून एकदा त्यांचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला द्यायचं, हे मधूजींचं काम. ओल्या हातानं अक्षर बिघडतं, म्हणून चिठ्ठ्या घरीच.

"शाल्मली, येतं का? दोरी धरजो."

"मला पेपर तपासायचे आहेत, बाबा. अन् दोरी धरायला शिक्षण लागतं का?"

"लागते ना! आधी पातळी मोजायची, वहीत लिहायची, मंगच बाटली भरायची. चांगली विहीर पहिले, नासकी शेवटी."

बर्फाचा डबा स्कूटरला बांधून ते गेले. दुपारी चौथ्या विहिरीत त्यांचा देह सापडला.

डब्यात चारही बाटल्या भरलेल्या होत्या आणि प्रयोगशाळेच्या मते चारींचं पाणी चांगलं होतं. चौथी विहीर तर डेपोच्या ऐन उताराला, नासकीच असायला हवी. बोरगाव मेघे गावात कुजबुज सुरू झाली: मधूजी डेपोवाल्यांना सामील होते; मन खाऊ लागलं, म्हणून उडी घेतली.

"लोकांचं सोडा. तुम्हाला काय वाटतं?" लीना देवतळेंनी विचारलं. आधी रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, आता वर्ध्यातल्या खाजगी गुप्तहेर.

शाल्मलीनं अहवाल आणि वडिलांची वही फक्त पुढे सरकवली.

लीनाबाईंचा मावसभाऊ अनय डोकावला. "चारही बाटल्या एकाच नळाच्या. झालं!"

"तू गाडीच चालव, अनय. चारींचे आकडे वेगळे आहेत. क्लोरीन फक्त चौथीत आहे, शिवाय क्षारही बरेच."

वहीत तीन विहिरींची पातळी लिहिलेली होती. चौथी ओळ कोरी.

डेपोचा सुपरवायझर आदेश नाकावरचा रुमाल काढायला तयार नव्हता. "मी सकाळभर वजनकाट्यावर होतो. मधूकाका दिसलेसुद्धा नाहीत." त्यानं जारमधून पाणी दिलं. "मशीनचं आहे, मॅडम. इथं नळ नाही."

"काहीच चव नाही," अनय म्हणाला.

"क्षारच काढून टाकलेत, चव कुठून येणार?"

चौथ्या विहिरीचे मालक बंडूजी वांग्याला पाणी देत होते. खाली वाहणारं पाणी चहासारखं दिसत होतं.

"बाई, चार पिढ्या हेच पाणी पेऊन राह्यलो. आमाले काऊन काई झालं नाई? मधूभाऊ उगाच भेवाडत होता."

त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, तांब्या आणला. सोबत आलेल्या शाल्मलीनं तो तोंडाला लावला आणि तिला ब्लीचिंगचा वास आला. तिनं तांब्या लीनाबाईंकडे दिला. त्यांनी नुसता हुंगला.

"नळ कधी आला, मनकर्णाबाई?"

"उन्हाळ्यात, बाई."

बंडूजींनी बायकोकडे असं पाहिलं, की ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीनाबाईंनी ठाणेदारांसह साऱ्यांना चौथ्या विहिरीच्या काठावर बोलावलं. उन्हात ती विहीर काळी दिसत होती.

"पातळी लिहिल्याशिवाय मधूजी बाटली भरत नसत. चौथी ओळ कोरी आहे, म्हणजे ही बाटली त्यांनी भरलीच नाही. चिठ्ठी घरूनच लावलेली. भरणाऱ्याला अक्षराची चिंता नव्हती. आतलं पाणी कुठलं? क्लोरीन आहे, म्हणजे विहिरीचं नाही. क्षार आहेत, म्हणजे आदेशच्या जारचंही नाही. नळाचं. बंडूजी, चार पिढ्यांचं पाणी तुम्ही पाहुण्यांना का देत नाही?"

बंडूजी काठापासून एक पाऊल मागे सरले.

"ढकललं नाई म्या. बाटली हिसकली. त्याचा पाय सटकला. विहीर नासकी लिवली असती, त माही भाजी बजारात कोनं घेतली असती?"

अनयचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही घरी जाऊन बाटली भरली?"

"भरली. डब्यात ठेवली."

शाल्मलीनं विचारलं, "त्यांनी हाक मारली होती?"

"दोनदा," बंडूजी म्हणाले.

ठाणेदारांनी त्यांना गाडीत बसवलं. शाल्मली काठाशीच थांबली. वडिलांची पातळी मोजायची टेप तिनं विहिरीत सोडली. ती ओली होईपर्यंत खाली जाऊ दिली, ओढली, आकडा वाचला आणि वहीतल्या कोऱ्या ओळीत लिहिला. लीनाबाईंनी रिकामी बाटली पुढे केली. शाल्मलीनं दोरी धरली.

मग ती खाली, काळ्या पाण्याकडे पाहून मोठ्यानं बोलली. वडिलांच्याच बोलीत.

"बाबा, लोक म्हणत होते ना, तसंच मलेही वाटलं होतं. तुमच्या चितेपाशी उभी होती, तवाही वाटत होतं."