चालणारं झाड

"चिमणे, श्वास रोखून धर! हललीस तर फोटोचं मातेरं होईल!" ढापण्या कुजबुजला.

"तूच बडबडतोयस! गप!"

चिमणी आणि तिचा हा जाड चष्म्याचा मित्र सुट्टीत फोटोवेडे झाले होते. मामाने त्यांना आपला जुना कॅमेरा आणि ट्रायपॉड दिला होता, पण एका अटीवर. "रोज नवी जागा हुडकत भटकायचं नाही. एकच जागा निवडा आणि उजेड कसा बदलतो ते बघा." चिमणीने तळ्याकाठचा सपाट खडक निवडला. ट्रायपॉडच्या पायांपाशी खडूने खुणाही केल्या. समोर सुळका, उतारावर एकच वठलेलं झाड आणि खाली दूधवाल्या आजोबांचं घर. त्या पहाटे दाट धुकं होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी रोजचे फोटो ओळीने पाहिले आणि चिमणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. वठलेलं झाड दर फोटोत थोडं खाली आलं होतं!

"झ... झाड चालतंय!" ढापण्याची बोबडी वळली. "भूत!"

"नाहीतर कॅमेरा हलला असेल," मामा म्हणाला.

"मग सुळकाही हलला असता! तो तर जागच्या जागी आहे. झाडच..." चिमणी थबकली. "मामा, झाडाखालची जमीन सरकतेय! आजोबांचं घर!"

उताराच्या पायथ्याशी ठेकेदार मातीसाठी टेकडी पोखरत होता. तिघं त्याच्याकडे धावली. तो खो खो हसला. "पोरांचे खेळ! टेकडी भक्कम आहे."

चिमणीला असा राग आला! पण तिने आवाजात साखर घोळली. "मग काका, त्या झाडाखाली उभे राहा ना! तुमचा झक्कास फोटो काढते!"

ठेकेदाराने खूश होऊन कॉलर नीट केली. मग उताराकडे पाहिलं आणि त्याचा पाय उचलेना. "तिथे नको. भेगा पडल्यात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" मामा गरजला.

खोदकाम तिथल्या तिथे थांबलं. संध्याकाळपर्यंत आजोबा आणि त्यांच्या गाई मामाच्या अंगणात आल्या.

दुसऱ्या पहाटे सगळे खडकावर जमले. धुक्यातून घुमल्यासारखा आवाज आला. झाड हळूच झुकलं आणि उभ्याउभ्याच खाली चालत निघालं. मग दगडमातीचा प्रचंड धडाका! धुकं विरलं तेव्हा आजोबांचं घर दिसेना.

"फोटो काढलास?" मामाने हळूच विचारलं.

"नाही मामा. नुसती बघतच राहिले." चिमणीला रडू फुटलं.

"असू दे. झाड चालतंय हे आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. तुला दिसलं. शाब्बास!"

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते डोळे पुसून कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले. "घराचा नाही, तर माझा काढ पोरी."

"आजोबा, हलू नका हं!" ढापण्या ओरडला.

चिमणीने श्वास रोखला आणि बटण दाबलं.