नाकापर्यंत निळा शेमला

वाऱ्यानं अख्खा आफ्रिका खंड तसादितच्या हातून हिसकावला आणि ट्रकतळाच्या दिशेनं उधळला.

खंड कागदाचा होता, एवढंच काय ते बरं. शाळेच्या भिंतीवर लावायचा नकाशा... दुकानातून आणताना दोरी सुटली, आणि वाळवंटातल्या तमनरासेतच्या वाऱ्याला काय, निमित्तच हवं असतं. भूगोलाच्या तसादितबाई डोक्यावरचा रुमाल सावरत मागे धावल्या. नकाशा एका लाल ट्रकच्या तोंडावर जाऊन चिकटला. तिथं चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरांतला एक उठला आणि त्यानं तो अलगद सोडवला. निळं मुंडासं, शेमला हनुवटीखाली लोंबणारा, आणि हसू असं मनमोकळं, की आपण कशासाठी धावलो तेच तसादित विसरली.

"घ्या बाई, तुमचा खंड. थोडक्यात वाचला."

"फाटला का कुठे?"

"काँगोपाशी जरासा. पण नदी आहे तिथं... येईल भरून."

ती खुदकन हसली. त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं – आणि झटकन त्याचा हात शेमल्याकडे गेला. हनुवटी झाकली, ओठ झाकले, नाकसुद्धा झाकलं. उरले नुसते दोन डोळे. तसादितचं हसू ओठांवरच राहिलं. असं काय दिसलं याला माझ्यात?

त्याचं नाव अमूद, हे तिला पुढं कळलं. वाळवंटातल्या तुआरेग जमातीचा, ट्रक घेऊन दूर दक्षिणेकडे जायचा, महिना-महिना यायचा नाही.

तसादित होती उत्तरेची, जुर्जुराच्या डोंगरातली. तिच्या गावी अंजिराची झाडं, हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ. इथं काळे उघडेबोडके कडे आणि न संपणारं आभाळ. देश तोच, पण बसमधून उतरली तेव्हाच तिला वाटलं होतं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय. लादीबाई नावाच्या हौसा जमातीच्या बाईची खानावळ होती, तिथं साऱ्या खंडाची माणसं जेवायला यायची. हौसा हौसांत बसायचे, बंबारा बंबारांत. कॅमेरूनहून आलेल्या दोघांना निदान एकमेकांशी भांडता तरी यायचं. तसादितच्या भाषेत तिच्याशी भांडणारंसुद्धा कुणी नव्हतं. फोनवर आई म्हणायची, "बर्फ पडलंय गं..." फोन ठेवला की ती पंख्याची घरघर ऐकत बसून राहायची.

आणि मग एक दिवस शाळेच्या फाटकाशी अमूद उभा. हातात दुधाच्या भुकटीचा डबा, आत लालभडक माती.

"कानो शहराकडची आहे. नकाशात सगळा मुलूख एकाच कागदाचा, बाई. पोरांना हात लावू दे."

पुढच्या खेपेला बिल्माचं मीठ आलं. त्याच्या पुढच्या खेपेला नायजर नदीचा काळा गाळ, मासळीच्या वासासकट. पोरं खूश आणि पोरांच्या बाई त्याहून खूश.

"तुमच्या गावची माती कशी असते?" त्यानं एकदा विचारलं.

"दिसली तर सांगेन. बर्फ असतं वर."

"मग ते नाही जमायचं आणायला. वाटेत वितळेल."

"तुमच्या ट्रकमध्ये सगळंच वितळतं वाटतं?"

"हो... ड्रायव्हरसकट."

डोळे हसत होते, पण शेमला नाकापर्यंत. दर वेळी तसाच.

आता हे एवढंच असतं तर तिनं सोसलंही असतं. पण एका संध्याकाळी ती खानावळीत शिरली, तर स्वारी तोंड उघडं टाकून चारचौघांत गप्पा छाटत जेवत होती. ती दिसताच शेमला वर गेला. ताटही बाजूला सारलं.

"बाई आल्या की याची भूकच मरते बघा!" लादीबाई ओरडली, आणि सगळे खो खो हसले.

तसादितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या जगाला तोंड दाखवायचं आणि माझ्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही! तो मनात भरला होता, म्हणून तर इतकं झोंबलं. दुसऱ्याच दिवशी तिनं उत्तरेकडे बदली मागितली. ती मिळालीही. गुरुवारच्या बसनं निघायचं ठरलं.

घरमालकीण फादिमाता, तीही तुआरेगच, तंबाखूची चिमूट गालात धरून तिची बांधाबांध बघत होती.

"का गं चाललीस? पाणी नाही मानवलं?"

"पाणी मानवलं, आजी. माणसं नाही मानवली." आणि तिच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. "सगळ्यांसमोर उघडं, आणि मला पाहिलं की झाकतो! इतकी का वाईट दिसते मी?"

फादिमाता इतकी हसली, की तंबाखूचा ठसकाच लागला.

"अगं वेडाबाई! आमच्यातले बापे तोंड उघडं कुणासमोर टाकतात? ज्यांचं सोयरसुतक नाही, त्यांच्यासमोर! जिचा मान ठेवायचा तिच्यासमोर झाकायचं. माझ्या आईसमोर आमचा म्हातारा आला, की नुसते डोळे उरायचे, तेही जमिनीला खिळलेले. आणि जिच्यावर जीव जडलाय तिच्यासमोर घास चावेल होय? मेला उपाशी राहील!"

"मला... कुणी सांगितलंच नाही."

"विचारलंस कुणाला? पोरांना खंडभराची माणसं शिकवतेस आणि दारात उभा असलेला ओळखला नाहीस!"

तसादित चपला न घालताच धावत सुटली.

लाल ट्रक दक्षिणेकडे, आगादेझला निघायच्या तयारीत होता. अमूद दोर आवळत होता. त्यानं तिला येताना पाहिलं... पण या वेळी त्याचा हात वर गेला नाही. शेमला हनुवटीखालीच राहिला. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला होता तो चेहरा सबंध समोर होता – दातांतली फट, गालावरचा व्रण, सगळं.

"कळलं मला. गुरुवारी निघालात." कुठल्याही उतारूकडे बघून हसावं तसा तो हसला. "सुखरूप जा, बाई."



"झाका ते."

"काय?"

"तोंड! आधी तोंड झाका. मी काय परकी आहे तुम्हाला, माझ्याशी असं उघड्या तोंडानं बोलायला?"

अमूदच्या हातातला दोर सैल पडला.

"पण तुम्ही तर... चाललात ना?"

"नाही चालले. सांगते मुख्याध्यापकांना, नको म्हणून. तुम्ही... कधी याल?"

"रस्ता बरा असला तर महिन्यात. नसला तर... जास्तच."

"लागू दे कितीही. मी आहे इथंच."

अमूदचा हात उठला. सावकाश, घडी सावरत, त्यानं शेमला हनुवटीवर घेतला, ओठांवर घेतला, नाकावर ओढला. नुसते डोळे उरले. ते भरून आले होते, आणि त्यानं ते जमिनीकडे वळवले.

ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती अनवाणी उभी होती. संध्याकाळी पुन्हा तीच खोली, तीच पंख्याची घरघर, आणि महिनाभर तरी बोलायला कुणी नाही. एकटं वाटणारच होतं. पण आता एका माणसावाचून एकटं वाटणार होतं, आणि तेवढ्यावर राहता येतं. ती मुख्याध्यापकांच्या घराकडे चालू लागली.