एकेक करून मोटरी लागल्या

विश्वास बसत नसेल तर आमच्या मळ्यात या. ज्यांच्या जिवावर हे बेतलं त्या माझ्या सासूबाई, गोजराबाई, आत्ता ओट्यावर लसूण सोलत बसल्यात. त्यांनाच विचारा.

मी रूपाली. गंगापूर रोड सोडून आत वळलं की आमचा शेवंतीचा मळा. मागच्या वर्षीच्या माघातली गोष्ट. वेळ दिवेलागणीची.

शेजारचे सगळे मळे त्या दिवशी रिकामे होते. भावकीतलं लग्न कळवणला, झाडून सगळे तिकडे गेलेले, माझी लेकसुद्धा. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, फुप्फुसांनी दगा दिलेला, नाकाला सतत ऑक्सिजनच्या मशीनची नळी. म्हणून आम्ही तेवढे मागे राहिलो.

आणि लाईट गेली.

इन्व्हर्टरचा काडीचा उपयोग नाही. मशीन सुरू होताना असा झटका घेतं की इन्व्हर्टर टूं... करून मान टाकतो. आईंना छोट्या सिलिंडरवर घेतलं. त्याचाही काटा लालच्या जवळ. आमचे हे, दीपक, दुसरा आणायला पळाले ते सातपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले.

तेवढ्यात लाईट आली!

मळ्यातल्या सगळ्या मोटरी एकदम गुरगुरल्या... आणि डीपीवर फाट्!

पुन्हा अंधार.

हे असंच होतं आमच्याकडे. विहिरीवरची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, मग शांत होते. पण हल्ली प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवलाय. लाईट आली की मोटर आपोआप चालू, विहिरीवर जायला नको. आळशी मेले! सगळ्या एकदम ओढतात आणि डीपीचा, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडतो.

माझे सासरे भिमाजी, आमचे बापू, होते तोवर ऑटो लावायची कुणाची छाती नव्हती. लाईट आली की ते बांधावरून ओरडायचे, "पुंजा, तू घे!" पुंजाकाकांची मोटर लागून आवाज बसला की मग पुढचं नाव. कुणी घाई केली की, "दम धर रं, डीपी काय तुझ्या बापाची हाय?"

बापूंचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं.

मी लाईनमनला फोन लावला. हर्षल, आमच्या भागात नवाच आलेला.

"वहिनी, मी डीपीपाशीच हाय. पण फ्यूजची तार एकदाच पुरेल एवढी उरलीय. आधी सगळ्यांचे ऑटो काढा, मग टाकतो."

"अरे, कोण काढणार? मळ्यात चिटपाखरू नाही! आईंना सोडून मी जाऊ कशी? तू जा ना रे, पाया पडते तुझ्या!"

"मला विहिरी कुठं माहीत हायेत, वहिनी..."

फोन कटला. रेंज गेली.

काटा शून्याला टेकला. आईंचे ओठ निळे पडायला लागले. मी देवाला शिव्या घातल्या. खरंच घातल्या. मग त्याच तोंडानं नवस बोलले.

आणि... लांबून आवाज आला.

खट.

स्टार्टरचा आवाज. थोड्या वेळानं पुढच्या विहिरीवरून... खट.

हर्षल गेला वाटतं ऑटो काढायला! पावला गं बाई देव!

लाईट आली. बल्ब लागला. मी श्वास रोखून धरला.

एकही मोटर लागली नाही.

मग... पुंजाकाकांची मोटर लागली. गुरगुरली, आवाज बसला. शांतता. मग त्यापुढची. मग त्याच्याही पुढची.

एकेक करून. दम धरून.

हर्षलला मोटरी लावायची काय गरज?

शेवटी आमची लागली, घरामागची. मग स्वयंपाकघरात फ्रिज घरघरला. मग डोक्यावरचा पंखा फिरायला लागला... माघाच्या थंडीत, कुणीही न लावता.

मशीन मात्र बंद.

मी धावत जाऊन बटण दाबलं. खट... ते आपोआप बंद झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा खट. खोलीत शेवंतीवर मारायच्या औषधाचा वास सुटला. बापूंच्या सदऱ्याला यायचा, तोच.

"बापू!" मी किंचाळले. "हात काढा! माझी आई जातेय हो, हात काढा!"

दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबून धरलं. खालून कुणीतरी ते उलटं रेटत होतं. माझी बोटं गारठून गेली.

आई कोपऱ्याकडे बघत होत्या. आवाज फुटत नव्हता, तरी बोलल्या.

"अवं... आत्ता नगा. नातीचं लगीन बघू द्या. मग येते. खरंच येते."

बटण एकदम सैल झालं.

मशीन सुरू झालं. आईंच्या ओठांवर रंग यायला लागला, आणि मी तिथंच जमिनीवर बसून पोर रडावी तशी रडले.

थोड्या वेळानं हर्षल दारात आला. जरा चिडलेलाच.

"वहिनी, म्हातारबाबांना बॅटरीशिवाय कशाला धाडलं अंधारात? मला म्हणाले, ऑटो काढलेत, टाक फ्यूज."

त्याला पाणी दिलं.

हे म्हणतात, बापूंनीच आईला वाचवलं. मशीनचा झटका सगळ्यात शेवटी बसावा म्हणून बटण धरलं असेल. असेलही. पण मग आई 'येते' कुणाला म्हणाल्या?

तेव्हापासून माझ्या लेकीला आलेलं प्रत्येक स्थळ मी मोडलं. कुणाचं नाक, कुणाचं घर, कुणाची पत्रिका. पोरगी एकदा तोंडावर म्हणाली, "मम्मी, माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही का?"

शेवटी तिनंच मुलगा आणला. प्रफुल्ल. सोन्यासारखा पोरगा, खोड काढायला जागाच नाही. सुपारी फुटली.

काल बस्ता बांधायला येवल्याला निघालो, तर आईंनी मला मागं बोलावलं.

"रूपा, मलाबी एक पैठणी आण."

बापू गेल्यापासून त्यांनी फिकट लुगड्याशिवाय काही नेसलं नव्हतं. मला बरंच वाटलं. विचारलं, "कुठला रंग आणू, आई?"

त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"हिरवी. आन् संगं हिरवा चुडा."

आणलाय. काय करणार?

लग्न वैशाखात आहे.