दोन किलो चारशे ग्रॅम चिंध्या

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी फरशीवाला शिवणकामाच्या दालनात आला आणि चिंध्या मागू लागला.

"कशाला?" शिवणवालीने कात्री न थांबवता विचारलं.

"फटी भरल्या की फरशी पुसावी लागते. मऊ कापड हवं. सही करून नेतो ना..."

सहीलाच महत्त्व होतं. कारागिरांच्या या स्पर्धेत कचरा फार होतो, अशी ओरड झाली होती. म्हणून यंदा शंभरातले दहा गुण कचऱ्याचे. रोज संध्याकाळी प्रत्येकाची टोपली काट्यावर चढायची. दुसऱ्या विभागातल्या कोणी सही करून काही नेलं, तर तेवढं वजन वजा. मात्र नेलेलं वापरलं गेलं पाहिजे.

तिला ते दहा गुण हवेच होते. पहिली आली, तर मोठ्या कारखान्यात वर्षभर कापड बेतायला शिकायला मिळणार होतं. नाही तर आत्याचं दुकान आहेच, पुन्हा काजं आणि बटणं.

मंगळवारी तो दोनदा आला. बुधवारी चारदा.

"तुमच्या फरश्या आहेत तरी किती?"

"तीस."

"आणि पुसता किती वेळा?"

"फार मळतात हो..." त्याचे कान लाल झाले होते. पापण्यांवर पांढरी धूळ होती. एवढ्या लांब पापण्या फरशीवाल्याला कशाला हव्यात, असं तिला वाटून गेलं.

"आधी हात धुवा. सहीपेक्षा सिमेंटचा अंगठाच ठळक उमटलाय."

गुरुवारी दुपारी तीन वाजता काटेबाई फरशीच्या विभागात शिरल्या. वजन करणाऱ्या परीक्षकांना सगळे याच नावाने ओळखत. त्याच्या हत्यारांच्या पेटीत दोन किलो चारशे ग्रॅम चिंध्या निघाल्या. एकीलाही पाणी लागलेलं नव्हतं. रंग बघून घड्या घातलेल्या.

"हे वजन शिवणवालीच्या टोपलीत परत जाईल," काटेबाई म्हणाल्या. "उद्या दहाला काम थांबेल. त्याआधी वापरल्यात तर बघू."

पाच मिनिटांत ती समोर उभी होती. "पहिल्या नंबरावरून थेट तिसऱ्या! डोक्याच्या जागी फरशी बसवलीय का?"

"मला वाटलं, तुमचं वजन कमी होईल... म्हणजे टोपलीचं."

"खरं सांगा. का नेल्यात एवढ्या?"

त्याने सिमेंट लावायची करणी खाली ठेवली. "पुसायला एक चिंधी पुरते. पण सारखं यायचं तर – मला तू आवडतेस. म्हणजे... तुम्ही."

तो हाताचा आधार घेत उठला आणि गुडघे चोळू लागला. तिने आजूबाजूला पाहिलं. विभागातले बाकीचे सात फरशीवालेही कडक जमिनीवर नुसत्या गुडघ्यांवर बसले होते.

तिने गळ्यातली टेप काढली. "गुडघा पुढे करा."

"कुठला?"

"दोन्ही. आणि हलू नका, गुदगुल्या नाही करत मी."

"मग हे काय चाललंय?"

"माप. सांगा, फार घट्ट होतंय?"

"नाही... अजून थोडा वेळ घेतलंत तरी चालेल."

"गप्प!" ती म्हणाली, पण हसू दाबायला तिला टेप दातांत धरावी लागली.

तिचा स्पर्धेचा कोट दोन वाजताच जमा झाला होता, मशीन मोकळं होतं. मोठे तुकडे जोडून तिने पिशव्या आणि नाड्या शिवल्या. तो बारीक तुकडे आत ठासत बसला, दर वेळी जास्तच. सहा वाजेपर्यंत सोळा गाद्या झाल्या.

शुक्रवारी आठ वाजता आठही जण गुडघ्यांना गाद्या बांधून कामाला बसले. काटेबाईंनी एक गादी सोडायला लावली, तोलली. दीडशे ग्रॅम. सोळांचा हिशोब चोख जुळला. पण सही एकाची आणि वापर आठांचा, हे नियमात बसतं का? त्यांनी कागद मुख्य परीक्षकांकडे पाठवला.

"तिसरी आलीस, तर रागावशील?" त्याने विचारलं.

"रागावलेच आहे. निकाल काही लागो, चार वाजता फाटकाशी थांब. आणि उशीर केलास तर बघ!"

सव्वा वाजता मुख्य परीक्षकांच्या खोलीचं दार अजून बंद होतं. समोरच्या लांबलचक बाकावर दोघं अगदी एका टोकाला बसली होती. बाकी बाक रिकामा होता.